जाळी

दारातच त्याने विचारलं, "कुत्रं नाही ना, ताई?"
नाही म्हटल्यावर चप्पल काढली,
कमरेला दोर बांधला
आणि नवव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर गेला,
ओट्यावरून उतरावं तसा.

मी फ्रीजच्या आडोशाला.
वय चव्वेचाळीस. लोकांची विवरणपत्रं भरते,
आयकराच्या नोटिशींना घाबरत नाही.
कबुतरांना घाबरते.

हे वाक्य सरळ म्हणायला अडतीस वर्षं लागली.

सहकारनगर. न्हाणीघराची वरची काच फुटलेली.
आत मी, साबण आणि एक कबुतर.
कडी अडकलेली.
बाहेरून आई सांगत होती, "खाली ओढ, खाली,"
आणि आत सगळं वरच होतं,
पंख, धूळ, वाफ, माझे हात.
दार तोडलं तेव्हा मी म्हणे ओरडत नव्हते.
बादली डोक्यावर पालथी घालून
तेराचा पाढा म्हणत होते.

मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.
देवस्थळीकाकू म्हणाल्या, "पाखरू ते, खाणारे का तुला?"
खाणार नाही, हे मला माहीत होतं.
माहीत असणं आणि घाबरणं
वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात
आणि मध्ये जिना नाही.

पुढे जमवून घेतलं.
वर्गात मधली रांग. खिडकीची जागा मैत्रिणीला,
तिला वाटायचं मी मनाची मोठी.
बघण्याच्या कार्यक्रमात पगार विचारला नाही,
विचारलं, तुमच्या डक्टला वरून झाकण आहे का.
हेरंबला वाटलं, बिल्डरची पोर.

नदीकाठी लोक पुण्य म्हणून ज्वारी फेकतात,
तो कोपरा मी अजून टाळते.
"लांबून पडेल, मॅडम," रिक्षावाला म्हणतो.
पडू दे.
आजवर किती रुपये झाले
हा एवढा हिशेब मी केलेला नाही.

बाबांचा दहावा. ओंकारेश्वर.
सगळे एका पक्ष्याची वाट बघत होते
आणि मी एकटी मनात म्हणत होते, नको.
आधी कबुतरंच उतरली. मी खांबाला पाठ लावली.
गुरुजी म्हणाले, काहीतरी राहिलंय त्यांचं, बोला कुणी.
जयदीप म्हणाला, आईला सांभाळीन.
काका जमिनीचं बोलले.
मग सगळे माझ्याकडे वळले.

मला एवढंच आठवत होतं:
माझ्याआधी न्हाणीघरात जाऊन
ते काठीने वरचा कोपरान् कोपरा बघायचे
आणि बाहेर येऊन नुसतं, "जा."
कधी हसले नाहीत. कधी समजावलं नाही.
लग्नाच्या दिवशी पहाटेसुद्धा,
झब्ब्याच्या बाह्या वर करून,
"जा."

हे मी बोलले नाही.
कावळाही आला नाही.
शेवटी दर्भाचा केला. मला तो बरा वाटला,
फडफडायला त्याच्याकडे काही नव्हतं.

काम संपवून तो आत आला. बिलावर नाव, अंकुश.
"दोराची भीती नाही वाटत?"
"दोर मी बांधतो, ताई. कुत्रं कुणी बांधलंय, काय माहीत."
पँट वर करून पोटरी दाखवली.
चौदा इंजेक्शनं, तीही पोटात, सातव्या वर्षी.
मी बादलीचं सांगितलं.
चहा गार होईपर्यंत बोललो
आणि त्यात काय घाबरायचं, असं
दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

आता संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकते.
दारापासून दोन फुटांवर. दार उघडंच.
जाळीपलीकडे एक येऊन बसतं,
मान तिरकी करून
एका डोळ्याने माझ्याकडे बघतं.

तेरा एके तेरा.
मी एकच डोळा मिटते.